आधी पाण्याला वाट, मग फरशीचा थाट
(मंदिराच्या आवारातील पाण्याचा निचरा व फरसबंदी या विषयावर ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की गावाच्या नजरेपुढे प्रथम कळस उभा राहतो. त्यानंतर सभामंडप, महाद्वार, दीपमाळ आणि गुळगुळीत फरशी यांचा विचार होतो. यांत गैर काहीच नाही. दुरून येणाऱ्या वाटसरूला कळस दिसावा, ही प्रत्येक गावाची इच्छा असते. परंतु जी गोष्ट कोणाच्याही नजरेत भरत नाही, जिच्यावर कोणाच्याही नावाची पाटी लागत नाही आणि जिच्याविना कळसापासून फरशीपर्यंत सारेच धोक्यात येते, ती गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा. आवारात पडलेले पाणी कोठून येते, कोठे थांबते व कोठे जाते, याचा विचार फरशीचा पहिला दगड बसण्यापूर्वी झाला पाहिजे. तो नंतर करू म्हणणाऱ्याला बसवलेली फरशी पुन्हा उखडावी लागते आणि वर्गणीचा पैसा दुप्पट खर्ची पडतो.

कोणी म्हणेल, सोलापूर जिल्हा हा अवर्षणाचा. वर्षाकाठी साधारण ५५० ते ७५० मिलिमीटर पाऊस. तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. जेथे प्यावयास पाणी पुरत नाही तेथे निचऱ्याची काळजी कशाला? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर या भागातील पावसाच्या स्वभावातच आहे. हा पाऊस थोडा असला तरी एकदम पडतो, आणि त्याचा मोठा भाग भाद्रपद-आश्विनात, उत्तरा व हस्त नक्षत्रांत, परतीच्या वाटेवर असताना येतो. २०२० च्या ऑक्टोबरात तो कसा आला, हे जिल्ह्याने पाहिले आहे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपुरात संततधारेत कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून ६ जणांचा जीव गेला. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने काठच्या गावांची काय अवस्था केली, ती आठवणही ताजी आहे. म्हणून वर्षाच्या सरासरीवर भिस्त ठेवून चालत नाही. देऊळ बांधावयाचे ते एका रात्रीच्या पावसाचा हिशेब धरून.

काळ्या मातीचा स्वभाव

दुसरे कारण पायाखाली आहे. भीमा, सीना, माण आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी माती ज्वारीला आईसारखी आहे, पण बांधकामाला ती बेभरवशाची. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक चिकण खनिज असते. या खनिजाचे अत्यंत पातळ पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की ते परस्परांपासून दूर सरतात व माती फुगते. पाणी निघून गेले की ते जवळ येतात व माती आक्रसते. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि हस्ताचा पाऊस झाला की त्याच भेगा मिटून जमीन वर उचलल्यासारखी होते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. त्या रानावर फरशी घातली म्हणून मातीचा स्वभाव पालटत नाही. ती फरशीखालीही फुगते व आक्रसते. फरक एवढाच की रानातील भेग पुढच्या पावसात मिटते, आणि फरशीतील भेग मिटत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. काळी माती सदा कोरडी राहिली तर फारसा त्रास देत नाही, आणि सदा सारखीच ओली राहिली तरीही देत नाही. त्रास होतो तो ओल बदलली म्हणजे. देवळाच्या एका कोपऱ्यावर पन्हळीचे पाणी पडते आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो. मग ओला कोपरा वर उचलला जातो, कोरडा तेथेच राहतो, आणि मधल्या भिंतीला तिरपी भेग पडते. गवंडी ती सिमेंटने भरतो, पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते. दोष गवंड्याचाही नसतो आणि सिमेंटचाही नसतो. दोष असतो तो त्या पन्हळीखालच्या पाण्याचा. तेव्हा निचऱ्याचा खरा अर्थ असा की, देवळाच्या चहूबाजूंची माती बाराही महिने शक्य तितकी एकसारख्या ओलीत ठेवणे.

यात काळानेही भर घातली आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, कालवे आले, ऊस आला. ही मोठीच समृद्धी होय. परंतु पूर्वी जेथे उन्हाळ्यात जमीन खोलवर वाळत असे, तेथे कालव्याच्या पट्ट्यात आता भर उन्हाळ्यातही ओल टिकून राहते, आणि काही ठिकाणी जमिनी पाणथळ झाल्या आहेत. ज्या देवळाच्या शेजारी ऊस उभा आहे, त्या देवळाच्या जोत्याला पावसाखेरीज पाटाच्या पाण्याचाही विचार करणे भाग आहे.

जुन्या लोकांनी काय केले

पाण्याचा विचार हा काही नव्या इंजिनिअरांचा शोध नव्हे. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तलाव खोदविला, आणि त्याच तलावाच्या मध्यात आज श्री सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे. देव आणि पाणी यांचा एकत्र विचार करण्याचा पाठ या जिल्ह्याला आठशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

महादेवाच्या कोणत्याही जुन्या देवळात जाऊन पाहावे. पिंडीवरील अभिषेकाचे पाणी शाळुंकेवरून उतरते, गाभाऱ्याच्या भिंतीतून गोमुखावाटे बाहेर पडते आणि पुढे ठरावीक वाटेने निघून जाते. त्या वाटेला सोमसूत्र म्हणतात, आणि ती ओलांडू नये म्हणून महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच घालतात. ज्या वाटेवर पाय देऊ नये असा धर्मानेच दंडक घातला, ती वाट बुजणार नाही, तुडवली जाणार नाही, हेही त्यातून आपोआप साधत आले. मात्र आज कित्येक जीर्णोद्धारांत पहिला घाला पडतो तो नेमका या सोमसूत्रावर. फरशी एकसारखी दिसावी म्हणून चर बुजवतात, गोमुखाखाली बादली ठेवतात, आणि बादली भरून वाहिली की पाणी जोत्यात मुरते. प्रदक्षिणेचा नियम पाळणाऱ्या गावाने सोमसूत्रही पाळले पाहिजे.

हत्तरसंग-कुडल येथे भीमा व सीना यांच्या संगमावर संगमेश्वर व हरिहरेश्वर ही पुरातन देवालये आहेत. संगमेश्वर देवालयात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. तेथील हरिहरेश्वर मंदिर दीर्घकाळ माती व दगडांच्या ढिगाऱ्याखाली होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते उकरून मोकळे करण्यात आले, आणि असंख्य मुखे कोरलेले शिवलिंग लोकांना दिसले. एवढे भक्कम पाषाणाचे देऊळ, पण भोवतालची जमीन वर वर येत गेली तर तेही दिसेनासे होते. आवाराची पातळी सांभाळणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे नाही.

पंढरपुरात २०२४ साली श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनाचे काम झाले. त्यात गाभाऱ्यात नंतरच्या काळात बसवलेले ग्रॅनाइट काढून मूळ दगडी रूप मोकळे करण्यात आले. हौसेने व भक्तीने लावलेली चकचकीत लादी पुढे खर्च करून काढावी लागते, हा त्यातला एक धडा. त्याच कामात मे २०२४ च्या अखेरीस हनुमान दरवाजाजवळ फरशीच्या दगडाखाली एक तळघर आढळले व त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. हा दुसरा धडा. जुन्या फरशीखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यावर नवी फरशी कधीही चढवू नये. खाली तळघर असेल, जुना चर असेल, विहिरीची वाट असेल. मंदिर संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून कुदळसुद्धा मारता येत नाही, हेही समितीने आधीच तपासून घ्यावे.

पाण्याचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. उदाहरणादाखल ३० मीटर लांब व २५ मीटर रुंद असे आवार धरले, तर क्षेत्रफळ ७५० चौरस मीटर होते. त्यावर २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाऊस पडला की १८ हजार ७५० लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर! सगळीकडे फरशी झाल्यावर यातले फारच थोडे जमिनीत मुरते, बाकीचे सारे वाहते. हाच पाऊस तासाभरात पडला तर सेकंदाला सुमारे ५ लिटर पाणी बाहेर काढावे लागते, आणि तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर सुमारे १० लिटर.

शंभरास एक असा उतार दिलेला सहा इंची पाईप भरून वाहिला तर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी नेतो. हिशेबाने तो पुरतो, पण देवळाच्या पाण्यात बेल, फुले, तांदूळ, नारळाची शेंडी व उदबत्तीच्या काड्या असतात. असा पाईप दोन सणांत तुंबतो. म्हणून पाईपऐवजी एक फूट रुंद व एक फूट खोल असा दगडी किंवा काँक्रीटचा उघडा चर करावा, त्यावर हाताने उचलता येतील अशा जाळ्या किंवा दगडी झाकणे ठेवावीत, आणि दोनशेला एक एवढा तरी उतार द्यावा. असा चर दोन-तृतीयांश भरून वाहिला तरी सेकंदाला ५० लिटरच्या घरात पाणी नेतो. गरजेच्या पाचपट हा आकडा वायफळ वाटू देऊ नये. चर निम्मा गाळाने भरला तरी देऊळ वाचते, ते या जादा जागेमुळेच.

हा नकाशा कागदावर काढण्यापूर्वी एक सोपे काम करावे. एखादा मोठा पाऊस पडत असताना शाळेची चार मोठी मुले आवारात उभी करावीत. पाणी कोठून आत येते, कोठे साचते व कोठून बाहेर जाते, ते त्यांनी खुंट्या ठोकून दाखवावे. दुसऱ्या दिवशी पारदर्शक नळीत पाणी भरून त्या खुंट्यांच्या पातळ्या घ्याव्यात. त्या एका रात्रीच्या खुंट्या पुष्कळ मोठ्या फीच्या सल्ल्याइतक्या मोलाच्या ठरतात.

निचऱ्याचे नियम

पहिला नियम पातळीचा. गावाचा रस्ता दर काही वर्षांनी खडी-काँक्रीट पडून उंच होतो. आवारातही जुन्या फरशीवर नवी फरशी चढते. शेवटी उंबरा खाली आणि आवार वर अशी उलटी स्थिती होऊन पावसाचे पाणी गाभाऱ्यात शिरते. म्हणून जुने काढल्याशिवाय नवे घालावयाचे नाही. तयार फरशीची पातळी उंबऱ्याच्या निदान अर्धा फूट खाली राहिलीच पाहिजे. रस्ता उंच झालाच असेल तर महाद्वाराशी आडवा जाळीचा चर घेऊन बाहेरचे पाणी बाहेरच अडवावे.

दुसरा नियम उताराचा. फरशीचा उतार जोत्यापासून बाहेरच्या बाजूस, ६० ते ८० ला १ एवढा, म्हणजे दर मीटरला सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर असावा. एवढा उतार डोळ्याला जाणवत नाही, भजनाला बसणाऱ्याला त्रास देत नाही, आणि पाणी मात्र थांबू देत नाही. जोत्याला लागून चहूकडे निदान एक ते दीड मीटर रुंदीची, पाणी न झिरपणारी पट्टी असावी, आणि तिच्या कडेने चर न्यावा. चर जोत्याला चिकटवून कधीही करू नये.

तिसरा नियम छताचा. शिखर, मंडप व ओवऱ्या यांच्या पागोळ्यांचे पाणी उंचावरून जोत्यावर आदळू देऊ नये. पन्हळीखाली नळ घेऊन ते थेट चरात सोडावे. हे पाणी स्वच्छ असते. पहिल्या सरी वाहून गेल्यावर ते गाळणीतून देवळाच्या विहिरीत किंवा बारवेत सोडता आले तर या अवर्षणी मुलखात तो दुहेरी लाभ होईल.

चौथा नियम सांडपाण्याचा. पाय धुण्याचे नळ, नारळ फोडण्याची जागा व महाप्रसादाची पंगत यांचे पाणी पावसाच्या चरात मिसळू नये. त्यासाठी शोषखड्डा करतात, पण येथेच मोठी फसगत होते. काळी माती ओली होऊन फुगली की पाणी जवळजवळ पिऊ देत नाही. तिच्यात खणलेला शोषखड्डा म्हणजे नुसता हौद, आणि तो देवळाजवळ असेल तर जोत्याला कायमची ओल. म्हणून शोषखड्डा करावयाचा तर तो देवळापासून दूर, उताराच्या बाजूस, आणि काळी माती ओलांडून मुरमापर्यंत पोहोचेल इतका खोल करावा.

पाचवा नियम जमिनीखालच्या पाण्याचा. वरच्या अंगाला पाट किंवा बागायत असेल तर त्या बाजूने, देवळापासून काही अंतरावर, खोल चर खणून त्यात जिओटेक्सटाइल कापड अंथरावे, भोके पाडलेला पाईप व स्वच्छ खडी भरावी, आणि आत येणारे पाणी वाटेतच वळवून द्यावे. मातीचा भराव धरून ठेवणाऱ्या प्रत्येक भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी भोके ठेवावीत व त्यांच्या मागे खडी भरावी. भिंतीमागे साचलेले पाणी मातीहून अधिक जोराने भिंत ढकलते. घाट असो, ओटा असो की कुंपणाची भिंत असो, जेथे माणसे बसतात व चालतात तेथे हा नियम जिवाशी जोडलेला आहे.

सहावा नियम शेजाऱ्याचा. आवारातून बाहेर काढलेले पाणी शेवटी जाणार कोठे? ते कोणाच्या दारात किंवा रानात सोडले तर देवाच्या नावाने भावकीत भांडण उभे राहते. पाणी गावच्या ओढ्यापर्यंत न्यावे, वाटेतील घरमालकांची व जमीनमालकांची संमती लेखी घ्यावी, आणि ग्रामसभेपुढे नकाशा ठेवून मगच कामाचा नारळ फोडावा.

फरशीखाली काय असावे

फरशीचा दगड जेमतेम दीड-दोन इंच जाडीचा असतो. भार सोसतात ते खालचे थर. म्हणून प्रथम आवाराच्या चार कोपऱ्यांत, जोत्यापासून दूर, मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. माळावरच्या गावात तो हातभर खोलीवर लागेल, नदीकाठी दोन पुरुष खोल गेले तरी लागणार नाही. दोन्ही ठिकाणी एकच फरसबंदी चालणार नाही, हे उघड आहे.

मातीची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. चाळलेली कोरडी माती प्रत्येकी १० ग्रॅम घेऊन दोन मोजनळ्यांत टाकावी. एका नळीत पाणी व दुसरीत रॉकेल भरावे, आणि २४ तासांनी पाहावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर व पाण्यात १६ मिलिलिटर झाली तर मुक्त फुगवटा ६० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे ५० टक्क्यांच्या आत तो कमी, ५० ते १०० मध्यम, आणि १०० च्या वर जास्त समजतात. जेथे वाहने जाणार असतील तेथे याखेरीज सी.बी.आर. चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या मातीत ठरावीक दट्ट्या किती जोराने घुसतो, हे ती चाचणी सांगते. भिजलेल्या काळ्या मातीचा सी.बी.आर. बहुधा २ ते ४ टक्क्यांवर जात नाही. चांगला दाबलेला मुरूम त्याच्या कित्येक पट भरतो.

काळ्या मातीवरचा उपाय महाराष्ट्रातच शोधला गेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या मातीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवून दिले की, फुगणाऱ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, चिकटपणा असलेला पण न फुगणारा मातीचा थर नीट दाबून घातला, तर खालचा फुगवटा पुष्कळच आटोक्यात राहतो. पुढे कालव्यांच्या अस्तरीकरणात हा उपाय वापरण्यात आला. खेड्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा थर म्हणजे चिकणसर, बांधून येणारा मुरूम. येथे एक इशारा द्यावयास हवा. काळी माती काढून त्या जागी नुसती नदीची वाळू भरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती घातक होय. वाळूत पाणी साठते आणि ते खालच्या काळ्या मातीला सावकाश पुरवले जाते. फरशीखाली जणू पाण्याची परात ठेवावी, तसा तो प्रकार होतो.

हे ध्यानात घेऊन थरांची शिफारस अशी आहे. केवळ पायी वर्दळीच्या भागात वरची काळी माती निदान दीड ते दोन फूट काढावी. मूळ तळालाही बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. त्यावर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी शिंपडून, धुम्मस किंवा रुळाने दाबावा. एकदम दोन फूट मुरूम ओतून वरून रूळ फिरवला तर दाब खाली पोहोचत नाही. त्यावर सहा ते नऊ इंच सोलिंग, फटींत बारीक खडी व मुरूम, आणि मग मसाल्यात फरशी. जेथे पाण्याचा टँकर, ट्रॅक्टर किंवा यात्रेतील रथ येणार, तेथे मुरूम दीड ते दोन फूट, खडीचा थर आठ ते दहा इंच, आणि वर सहा इंच काँक्रीट, तेही दर तीन-चार मीटरवर सांधे कापून. पेव्हर ब्लॉक घालावयाचे असतील तर पायी वर्दळीला ६० मिलिमीटर व हलक्या वाहनांना ८० मिलिमीटर जाडीचे घ्यावेत, आणि कडेला पक्का बंदिस्त दगड बसवावा. कड सुटली की ब्लॉक सरकतात. नवा सभामंडप खोल काळ्या मातीवर उभारावयाचा असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी घंटेसारखे रुंद असणारे पाईल घ्यावेत. खोलवर, जेथे ओल फारशी बदलत नाही, तेथे ते भार पोहोचवतात.

फरशीचा दगड निवडताना भक्तांचे पाय आठवावेत. सोलापूरचा उन्हाळा ४२ अंशांवर सहज जातो आणि देवळात अनवाणी चालावयाचे असते. काळा गुळगुळीत ग्रॅनाइट उन्हात तव्यासारखा तापतो व पावसात निसरडा होतो. उघड्या आवारात शहाबादी किंवा बेसॉल्टचा दगड घ्यावा, पण घोटीव नको, टाकीचा खरखरीतपणा राखलेला असावा. प्रदक्षिणेच्या वाटेवर उन्हाळ्यात काथ्याचे पट्टे टाकावेत. म्हाताऱ्या माणसांचे पाय भाजणार नाहीत व घसरणार नाहीत, हीच फरशीची खरी परीक्षा होय.

जुन्या दगडी जोत्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नये. आत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे अडकून बसते. मग ती भिंतीत वर चढते व दगडाला लोणा लागून पापुद्रे सुटतात. सांधे चुन्यातच भरावेत. पिंपळ-लिंबाच्या पाराभोवती काँक्रीट न घालता माती मोकळी ठेवावी. झाडही जगेल व फरशीही उचलली जाणार नाही.

कामाचा क्रम व पुढची निगा

खोदाई व चर दिवाळीनंतर सुरू करावेत. चर आणि बाहेरची वाट आधी पुरी करावी, भराव व सोलिंग मग, आणि फरशी सर्वांत शेवटी. शक्य असल्यास दाबलेल्या मुरमावरून एक पावसाळा जाऊ द्यावा. जेथे बसेल तेथे तो बसून घेईल. वैशाखात भेगाळलेल्या कोरड्या मातीवर घाईने फरशी उरकून ज्येष्ठात उद्घाटन करण्याचा मोह टाळावा. ती फरशी पहिल्याच हस्तात वर उचलते.

काम पुरे झाले म्हणजे निचरा संपला असे नव्हे. वर्षातून दोनदा, मृगापूर्वी व नवरात्रापूर्वी, गावाने श्रमदानाने चर साफ करावेत. निर्माल्यासाठी वेगळी कुंडी ठेवावी. फरशीत व भिंतीत भेग दिसली तर तिच्यावर तारीख घालून नोंदवहीत लिहून ठेवावे. भेग कोणत्या ऋतूत वाढते, हे त्या वहीवरून कळते आणि उपाय तेथेच सापडतो. चर कोठून गेले आहेत याचा नकाशा देवळात काचेत लावून ठेवावा. पुढच्या पिढीच्या समितीला तो उपयोगी पडेल.

शेवटी देणगीदारांस एक विनंती. कळसाला देणगी द्यावी, मंडपाला द्यावी, परंतु कोणीतरी मोठ्या मनाने पुढे होऊन जमिनीखालच्या कामालाही द्यावी. या जिल्ह्यात अशा मोठेपणाचा आदर्श दूर शोधावा लागत नाही. पंढरीच्या महाद्वारात श्री नामदेवरायांची पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनी खालची जागा मागितली, आणि आज लाखो वारकरी त्या पायरीला हात लावून मगच आत जातात. खालच्या जागेला मान नसतो असे कोण म्हणेल? ज्याच्या पैशातून मुरमाचा थर दाबला जाईल किंवा ओढ्यापर्यंतचा चर जाईल, त्याचे नाव दगडावर दिसले नाही तरी दर पावसाळ्यात कोरड्या राहणाऱ्या गाभाऱ्यात ते राहीलच. समितीने अशा देणगीदारांची यादी या स्मरणिकेत पहिल्या पानावर छापावी, आणि ग्रामस्थांनी आधी पाण्याला वाट करून द्यावी. मग फरशीचा जो थाट करावयाचा तो खुशाल करावा. तो टिकेल.